उलटं बटण

यवतमाळच्या घराशेजारच्या शकुंतलाबाईंचा फोन आला तेव्हा मी पुण्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात डबे भरत होते. विलासचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, फोन लागत नव्हता म्हणून त्यांनी मला लावला. "वंदना, अण्णा गेले व माय… रात्री चांगले जेवले, सकाळी दारच उघडलं नाही," एवढं बोलून त्या रडायला लागल्या. अण्णा म्हणजे माझे सासरे. यवतमाळच्या घरात एकटेच राहायचे. मी पोळीचा डबा हातात धरून तशीच उभी राहिले, आणि पहिलं काय मनात आलं असेल तर हे, की या वर्षी दिवाळीला आपण गेलो नाही. त्याला आता महिना उलटून गेलाय. भेटायला येणारे कमी झाले, रडू थांबलं, पण ती दिवाळी काही मनातून जात नाही. का जात नाही ते सांगायचं तर मला स्वयंपाकघरातल्या एका दिव्याच्या बटणापासून सुरुवात करावी लागेल.

माझं माहेर बाभुळगावजवळच्या एका लहान गावातलं. वडील मी चालायला लागायच्या आत गेले. मामांनी वाढवलं, त्यांनी कशाची कमी पडू दिली नाही, पण त्यांच्या घरात मी बहिणीची मुलगीच राहिले. लग्न ठरलं तेव्हा मुलगा कसा आहे यापेक्षा, घरात सासरे आहेत, कचेरीतून रिटायर झालेले सज्जन माणूस आहेत, हे ऐकून मला जास्त बरं वाटलं होतं. हे विलासना मी कधी सांगितलं नाही, आता इथे वाचून कळेल. सासूबाई आधीच वारल्या होत्या. घरात वडीलधारं माणूस असेल, ते बाहेरून आल्यावर "वंदना, पाणी आण गं" म्हणेल, चुकलं तर रागवेल, एवढंच माझं मागणं होतं. मला बाप हवा होता, सरळ सांगायचं तर. अण्णा सज्जन निघाले, शांत निघाले. इतके शांत की लग्नानंतर कितीतरी महिने ते माझ्याशी एक शब्दही थेट बोलले नाहीत.

यात राग-लोभ काही नव्हता. त्यांच्या घरात रीतच तशी होती. सासऱ्याने सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही, मध्ये कुणीतरी धरायचं. मी हातात चहाची कपबशी घेऊन अण्णांच्या पुढ्यात उभी असायचे आणि अण्णा माझ्या डोक्यावरच्या कॅलेंडरकडे बघत विलासना सांगायचे, "विलास, साखर थोडी कमी टाकत जा म्हणावं सूनबाईले." विलास मान वळवून मला सांगायचे, "साखर कमी टाक म्हणतात." मी विलासना म्हणायचे, "एक चमचाच टाकली होती, सांगा त्यांना." विलास बिचारे टपाल खात्यासारखे दोन्हीकडची पत्रं पोचवत राहायचे. मी माहेरी गेले की हे सगळं नक्कल करून दाखवायचे आणि सगळे पोट धरून हसायचे. मी पण हसायचे. रात्री मात्र वाटायचं, नाव तरी ठाऊक असेल का यांना माझं?

ती कापसाची वाईट वर्षं होती. विलास लोहाऱ्याच्या पुढे एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, हिशेब बघायचे. नवीन लग्न झालं तेव्हा ते संध्याकाळी घरी आले की अंगाला, भुवयांना, शर्टाच्या शिवणीत सगळीकडे रुई चिकटलेली असायची. मी तो शर्ट ओसरीत झटकायचे आणि पांढरे पुंजके उडत अंगणभर जायचे. मग एका हंगामात कापूस कमी यायला लागला. खरेदी उशिरा सुरू व्हायची, लवकर बंद पडायची, गाड्या दुसरीकडेच वळायच्या, आणि जिनिंगची यंत्रं आठवड्यातले निम्मे दिवस गप्प राहायची. एक दिवस विलास आले, मी सवयीने शर्ट झटकला, आणि त्यातून काहीच उडालं नाही. त्यांनी काही सांगायच्या आत मला कळलं. पुढे त्यांना पुण्यात एका गोदामात काम मिळालं. राहायला चार जणांत मिळून एक खोली, तिथे बायकोला कुठे नेणार? मी यवतमाळलाच राहायचं ठरलं. विलास गेले, आणि त्या घरात मी आणि अण्णा असे दोघंच उरलो. मध्ये धरायला कुणीही नव्हतं.

पहिल्या दिवशी अण्णांनी त्यांची खाट बैठकीतून उचलून बाहेरच्या व्हरांड्यात नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात असताना बाहेरून खाकरल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ, "चहा झाला असल तर आणावा म्हणावं." मी दारातून डोकावले. अण्णा कडुलिंबाकडे तोंड करून बोलत होते. मी चहा नेऊन ठेवला. तेव्हापासून हेच चाललं. बोलणं कधी कडुलिंबाशी, कधी भिंतीशी, कधी कोपऱ्यातल्या छत्रीशी, आणि शेवटी न चुकता "म्हणावं". कुणी, कुणाला म्हणावं, ते त्यांनाच ठाऊक. मी पण मग पातेल्यांशी बोलायला शिकले. "भाजीला वांगी आणायला पाहिजेत," असं मी मोठ्याने पातेल्याला सांगायचे आणि दुपारी वांगी यायची.

पावसाळा संपता संपता स्वयंपाकघरातलं दिव्याचं बटण बिघडलं. दाबलं की चटचट आवाज करायचं, जळका वास यायचा, बोट दाबून धरलं तर दिवा राहायचा, सोडलं की जायचा. एक हात बटणावर आणि एक हात तव्यावर असा स्वयंपाक किती दिवस करणार! वायरमनला निरोप गेला. तो "उद्या येतो" म्हणाला, आणि त्याचा उद्या काही उगवेना. घरातली असली कामं पूर्वी अण्णाच करायचे. नोकरीत त्यांची झरी जामणीला बदली झाली होती, तिथे गावात कुणी वायरमन फिरकायचा नाही, तेव्हा कंदील बाजूला ठेवून आपलं आपण शिकले म्हणे. पण आता त्यांच्या हातांना कंप आला होता. कपबशी धरली की बशी वाजायची. पेचकस त्या बारक्या पेचाच्या खाचेत टेकेपर्यंत दहादा घसरला असता. शेवटी एका सकाळी ते बाजारातून नवं बटण आणि टेस्टर घेऊन आले, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि पाण्याच्या माठाला म्हणाले, "पेचकस खिडकीत आहे. सूनबाईनं स्टूल घ्यावं आणि सांगतो तसं करावं म्हणावं."

वेळ त्यांनी नेमकी बघून निवडली होती. लोडशेडिंगची. त्या वर्षांत आमच्याकडे लाईन असण्यापेक्षा नसण्याचेच तास जास्त, आणि लोकांनी त्यातूनही सोय काढली होती. विजेचं काय काम असेल ते लाईन गेली की करायचं. मेन स्विच बंद करा, फ्यूज काढा, कोण एवढ्या भानगडीत पडतो? सरकारनेच मेन स्विच बंद केलाय म्हटल्यावर आपण परत कशाला करायचा! सगळा गाव असंच करायचा. अण्णाही माठाला तेच म्हणाले, "दुपारपर्यंत येत नाही लाईन, भ्यायचं काम नाही म्हणावं." मी पदर खोचला, स्टुलावर चढले. लाकडी बोर्डाचे पेच काढले, झाकण पुढे ओढलं. मागे दोन वायरी होत्या. एक लाईन आणणारी, एक वर दिव्याकडे जाणारी. "कोणती वायर कोण्या पेचात होती थे पाहून ठेवावं आधी म्हणावं," माठाला सूचना गेली. मी जुन्या बटणाचे पेच सैल केले, वायरी मोकळ्या केल्या. एकीचं टोक काळं पडलेलं होतं, ते कापून पुन्हा सोलायचं होतं. मी ती वायर डाव्या हातात घट्ट धरली…

आणि लाईन आली.

दुपारची लाईन त्या दिवशी सकाळीच कुणी का सोडली, देव जाणे. मला आठवतं ते एवढंच, की कुणीतरी खांद्यापासून हात उपटून घेतल्यासारखं झालं आणि मी स्टुलावरून खाली, माठाच्या बाजूला पडले. माठ फुटला. वर सुट्या झालेल्या दोन वायरी एकमेकींना लागून ताडताड ठिणग्या उडत होत्या. आणि त्या सगळ्यातून एक आवाज आला, त्या घरात मी कधीही न ऐकलेला. "वंदना!" अण्णा उंबरा ओलांडून आत आले, परत फिरले, व्हरांड्याकडे धावले, खटकन मेन स्विच ओढल्याचा आवाज आला, आणि पुन्हा, "वंदना! ए पोरी, बोल नं काही!" माझी बोटं भाजली होती, कोपर सडकून आपटलं होतं, साडी माठाच्या पाण्याने भिजली होती. आणि खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता. त्यांना माझं नाव ठाऊक होतं.

अण्णा माझ्यासमोर त्या पाण्यातच फतकल मारून बसले. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले. माझ्याकडे बघत, सरळ माझ्याकडेच बघत ते म्हणाले, "चूक माही आहे. लाईन नाही म्हणून फ्यूज काढला नाही. सारे तसंच करते म्हणून मीही केलं… तुले काही झालं असतं तर काय सांगितलं असतं मी?" मी म्हटलं, "काही नाही झालं अण्णा." तेही पहिल्यांदाच, पातेल्याला न विचारता. मग त्यांनी स्वतः चुलीवर चहा ठेवला. तो इतका गोड झाला होता की घशाखाली उतरेना. साखर कमी टाकत जा म्हणावं, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

त्या दिवसापासून एक नियम झाला. लाईन असो नसो, कामाला हात लावायच्या आधी अण्णा व्हरांड्यात जायचे, मेन स्विच बंद करायचे आणि त्याच्या खालचा फ्यूज, तो चिनी मातीचा पांढरा गट्टू, ओढून शर्टाच्या खिशात टाकायचे. मग तिथूनच ओरडायचे, "वंदना, बंद!" मी आतून ओरडायचे, "बंद!" माझा आवाज आल्याशिवाय ते जागचे हलायचे नाहीत आणि त्यांचा आल्याशिवाय मी पेचकस उचलायचा नाही. मग ते उंबऱ्यात खुर्ची टाकून बसायचे आणि खिशावर हात ठेवून म्हणायचे, "फ्यूज माह्या खिशात आहे. आता देव जरी आला तरी लाईन येत नाही." तरीसुद्धा वायरीला आधी टेस्टर लावायचाच, हे ते दर वेळी सांगायचे. टोक फार सोलायचं नाही. तार पेच आवळतो त्याच दिशेने वळवायची, म्हणजे आवळताना ती आत ओढली जाते. आवळून झाली की हलकेच खेचून बघायची. हे मी आज झोपेतही करीन.

भाजलेली बोटं बरी झाल्यावर ते अर्धवट राहिलेलं बटण मी बसवलं. "वंदना, बंद!" "बंद!" करून, टेस्टर लावून, सगळं यथासांग. अण्णांनी फ्यूज परत लावला, मी बटण खाली दाबलं. दिवा लागेना. वर केलं, लागला. घाबरत घाबरत काम केलेलं, बटण उलटं बसलं होतं. सगळ्या जगाचं बटण खाली दाबलं की लागतं, आमचं वर केलं की. मी ओशाळून म्हटलं, "काढून सरळ करते." अण्णा दिव्याकडे बघत राहिले. "काहून? राहू दे. आपल्याले माहीत आहे नं." त्या 'आपल्याले'मध्ये ते होते आणि मी होते. मी बटणाला पुन्हा हात लावला नाही.

त्यानंतर आम्ही दोघांनी घरातलं एक बटण सोडलं नाही. शकुंतलाबाईंनी हे पाहिलं, त्यांच्या न्हाणीघरातलं बटण पण कधीचं बिघडलेलं. अण्णा गंभीरपणे पेचकस-टेस्टर पिशवीत घालून पुढे, मी मागे, अशी आमची स्वारी शेजारी निघाली. काम झालं, चहा झाला, लाईन आली की दिवा लावून बघा म्हणून सांगून आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी शकुंतलाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "तुमच्याकडे आली का व लाईन? आमच्याकडे कालपासून नाही. काय लोडशेडिंग करून राह्यले, काही धरबंदच नाही राह्यला." आमच्याकडे तर लाईन होती. अण्णांनी खिशाला हात लावला आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. शकुंतलाबाईंच्या घराचा फ्यूज अण्णांच्या खिशात होता. रात्रभर ते घर अंधारात बसलं होतं, आणि लोडशेडिंगची इतकी सवय की कुणाला शंकासुद्धा आली नाही. अण्णा हसले. व्हरांड्याच्या पायरीवर बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्यांना असं हसताना विलासनी कधी पाहिलं नसेल.

बटण बसवताना माझे डोळे बोर्डावर असायचे आणि ते उंबऱ्यात मागे बसलेले, म्हणजे एकमेकांकडे बघायचं नाही. म्हणूनही असेल, पण त्यांना बोलणं सोपं जायचं. झरी जामणीच्या जंगलातल्या रस्त्यांचं बोलायचे, कचेरीतल्या साहेबांच्या नकला करायचे. एकदा सासूबाईंचा विषय निघाला. मी तार वळवत होते. अण्णा म्हणाले, "तिच्याशी बोलायचंच राह्यलं पाह्य. आई होती घरात, आईपुढं बायकोशी बोलायची रीत नव्हती. मग आई गेली… तेव्हा वाटलं, आता बोलू. पण सवयच नव्हती नं. काय बोलावं थेच कळेना. आणि मग तीही गेली." मी पेच आवळला, तार खेचून बघितली. खाली उतरले तेव्हा ते व्हरांड्याकडे निघून गेले होते.

विलासना पुण्यात पक्कं काम लागलं, दोन खोल्यांचं घर मिळालं आणि ते मला न्यायला आले. अण्णांनीही आमच्याबरोबर यावं म्हणून दोघांनी परोपरीने सांगितलं. "दिवाळीनंतर पाहू," एवढंच ते म्हणत राहिले. निघायच्या दिवशी ते स्टँडवर आले. बस लागली, विलासनी सामान वर टाकलं. मी वाकून नमस्कार केला. मला वाटत होतं, आता ते "वंदना" म्हणतील, काहीतरी म्हणतील. अण्णांनी खिशात हात घातला, काढला, आणि माझ्या डोक्यावरून बसच्या पाटीकडे बघत म्हणाले, "विलास, पाण्याची बाटली घेतली का म्हणावं सूनबाईनं." मी एका हाताच्या अंतरावर उभी होते. विलास माझ्याकडे वळून म्हणाले, "बाटली घेतली का विचारतात." मी म्हटलं, "घेतली, सांगा त्यांना." बस सुटली. मध्ये धरायला माणूस परत आलं होतं.

लोक त्या वर्षांची आठवण काढतात ती वाईट दिवस म्हणूनच काढतात, आणि ते खरंच वाईट होते. आमच्या आळीतली कितीतरी घरं त्यात विखुरली. पण माझ्यासाठी तीच वर्षं होती, जेव्हा मला बाप होता. आमचे चांगले दिवस आले आणि तो पुन्हा सासरा झाला, याचं मला किती वाईट वाटतं हे मी कुणाला समजावून सांगू? फोन विलासच्याच नंबरवर यायचा. "सूनबाई बरी आहे नं? तब्येतीले जपा म्हणावं." मी शेजारीच बसलेली असायचे, मलाही ऐकू यायचं. मी कधी फोन ओढून घेतला नाही आणि त्यांनी कधी "तिले दे" म्हटलं नाही. दोघंही मर्यादेची माणसं! असल्या मर्यादेला काय करायचं आता?

पण दिवाळीला गेलो की एक गोष्ट व्हायची. घरातलं कुठलं ना कुठलं बटण बिघडलेलंच असायचं. एकदा न्हाणीघरातलं, एकदा देवघरातलं, एकदा व्हरांड्यातल्या पंख्याचं. फराळाचं आटोपलं, विलास मित्रांकडे गेले की अण्णा उंबऱ्यात येऊन उभे राहायचे. हातात कागदाच्या पुडीत नवं बटण. "वंदना, जरा पाहतं का?" मग फ्यूज खिशात, "बंद!", "बंद!", आणि मागे ती खुर्ची. तेवढ्या वेळात ते वर्षभराचं बोलून घ्यायचे. माझी मुलगी झाली तेव्हा तिचं नाव काय ठेवावं हेसुद्धा त्यांनी मला देवघराचं बटण बसवतानाच सांगितलं, आणि नंतर चारचौघांत विलासना विचारलं, "नाव काय ठेवता म्हणे?" विलास म्हणायचे, "या घरात बटणं इतकी कशी जातात? वायरिंगच जुनं झालंय. सगळं काढून नवीन बसवू, फ्यूजच्या जागी ते आपोआप पडणारं स्विच लावू." अण्णा लगेच म्हणायचे, "थे नको. थे खिशात जात नाही." विलासना याचा अर्थ कधी लागला नाही. मी हसून आत जायचे. आणि बटणं इतकी कशी जातात हा प्रश्न मला मात्र कधी पडला नाही. पडायला हवा होता.

यंदा मुलीची दहावी होती, क्लासला दिवाळीतही सुट्टी नव्हती. विलासनी फोनवर सांगितलं, या वेळी जमत नाही, उन्हाळ्यात परीक्षा झाली की येतो. पलीकडून अण्णा म्हणाले, "बरं बरं. पोरीचा अभ्यास आधी. एक काम होतं तसं… राहू दे, उन्हाळ्यात पाहू. सूनबाईले सांग, सवडीनं या म्हणावं." विलासनी मला सांगितलं, "सवडीने या म्हणतात." मधलं ते काम त्यांनी सांगितलंच नाही. फोन स्पीकरवर होता म्हणून मी ऐकलं. ऐकलं, आणि गॅस बारीक करायला उठले.

उन्हाळा लागला आणि अण्णा गेले. आम्ही पोचलो तेव्हा अंधार पडला होता. बायका म्हणाल्या, चहा टाका पाहुण्यांना. मी स्वयंपाकघरात गेले, सवयीने हात वर गेला, बटण वर केलं. दिवा लागला नाही. शकुंतलाबाई मागून म्हणाल्या, "थे बटण दिवाळीच्या आधीपासून बंद आहे व. किती सांगितलं, वायरमन आणतो म्हणून. ऐकलं नाही. म्हणे, 'त्यानं हात लावला तर तो सुलटं करून टाकीन. वंदना आली की लावीन.' टॉर्च टेकवून ठेवायचे डब्यापाशी, तेवढ्यावर करायचे पोळ्या." फळीवर मिठाच्या बरणीमागे कागदाची पुडी होती. आत नवं बटण. तेवढा वेळ मी रडले नव्हते, तिथे मात्र त्या अंधारात ओट्याला धरून खाली बसले. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत तो माणूस टॉर्चच्या उजेडात जेवण करत होता. मी उठून फोन हातात घेतला असता, "अण्णा, काय काम होतं?" एवढं विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं का? नसतंच सांगितलं कदाचित. पण मी विचारलं असतं.

तेरावं झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आटोपून विलास आणि दोन-चार पाहुणे बैठकीत पंख्याखाली पडले होते. मी पेचकस, टेस्टर आणि ती पुडी घेतली. व्हरांड्यात आले. मेन स्विच बंद केला, फ्यूज ओढून काढला. तो हातात जड लागत होता. साडीला खिसा नसतो. खुंटीवर अण्णांचा अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट अजून तसाच होता, धुवायला टाकायचा कुणाला धीर झाला नव्हता. खिशात बडीशेपेचे चार दाणे होते. त्यातच मी फ्यूज टाकला. शर्ट एका बाजूला थोडा ओढला गेला, ते असताना असायचा तसा.

आत येऊन स्टूल लावलं, चढले. आणि पेचकस उचलण्याआधी तोंडातून निघून गेलं, "बंद!" मग थांबले. नियम होता आमचा, दोन्हीकडून आवाज आल्याशिवाय हात लावायचा नाही. अंगणातल्या कडुलिंबावर कावळा ओरडत होता. मी टेस्टर लावला, आणि कामाला लागले. वायरीचं टोक सोललं, पेचाच्या दिशेने वळवलं, आवळलं, खेचून बघितलं. नवं बटण मी मुद्दाम उलटं बसवलं.

बैठकीतून विलासचा झोपाळलेला आवाज आला, "काय गं, पंखा थांबला… लाईन गेली का?"

"नाही," मी म्हटलं. "फ्यूज अण्णांच्या खिशात आहे."